सुटलेली ओळ

४ सप्टेंबर, मंगळवार

आला! स्वतः आला! ज्यानं माझ्या धाकट्या भावाला कामावरून काढून घरी बसवलं तो गोदामाचा मॅनेजर आज साडेदहाला आमच्या छापखान्यात उभा. "ताई, मंडळाच्या पुस्तिका संपत आल्यात. दीडशे प्रती लागतील. आपलंच घर आहे, दुसरीकडे कुठं जाणार?"

ताई म्हणे! आपलंच घर म्हणे! माझ्या हातात शाईचं फडकं होतं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर ते हाणावं अशी फार इच्छा झाली. हाणलं नाही, कारण आई मध्ये पडली. कोपऱ्यात छपाईचे शिशाचे खिळे निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "घे काम."

घेतलं. ती म्हणाली म्हणून.

५ सप्टेंबर, बुधवार

डोकं शांत होत नाही. लिहून काढते.

ऑगस्टच्या अकरा तारखेला गोदामातली मालाची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळली. पोती रचणारा एक माणूस आत होता. जागच्या जागी गेला. लिफ्ट चालवत होता माझा भाऊ. मॅनेजर म्हणतो, त्यानं खिट्टी नीट लावली नाही. धाकटा म्हणतो, "ताई, तार उसवली होती. दोनदा लेखी दिलं. स्टोअरकीपरच्या हातात दिलं, त्यानं माझ्यासमोर शिक्का मारला." स्टोअरकीपर म्हणतो — आठवत नाही. कुठला अर्ज? कसला शिक्का?

अठ्ठावीस तारखेला चौकशी आहे. ठपका धाकट्यावर आला की पुढे पोलीस. वकील म्हणाले, "तो अर्ज मिळाला तर सुटला. नाही मिळाला तर तयारी ठेवा." कसली तयारी? तुरुंगात जायची तयारी कशी करतात, पिशवी भरून?

आता गंमत बघ. मॅनेजर हा त्या गुप्त मंडळाचा महाबंधू, म्हणजे प्रमुख. स्टोअरकीपर मंडळाचा बंधू. चौकशीला बसणाऱ्या तिघांतले दोघे बंधू. आणि आमचे बाबासुद्धा बंधूच होते, चांगले चाळीस वर्षं! अळीमिळी गुपचिळी, जो बोलेल तो बाहेर.

७ सप्टेंबर, शुक्रवार

महिन्याचा पहिला शुक्रवार. बंद खिडक्यांच्या घरात आज त्यांची बैठक. संध्याकाळी सहाला काळे कोट घालून एकेक जण आत शिरताना दिसतो, दारावर तीनदा टकटक, एकदा थांबून पुन्हा एकदा. भाजीवाली म्हणते, आत कवटी ठेवलीय आणि रक्त पितात. मला हसू येतं. त्यांच्या कार्यक्रमपत्रिका मी छापते! "दीपप्रज्वलन. मौन. नव्या बंधूची शपथ. चहा व बिस्किटे." एवढंच असतं. रक्तबिक्त काही नाही, मधुमेह आहे निम्म्यांना.

शपथ मात्र खरी. नव्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, डाव्या पायातला बूट काढतात, आणि जिभेवर थंडगार लोखंडी किल्ली ठेवतात. तोंडात किल्ली तशीच धरून शपथ मनातल्या मनात म्हणायची. ती किल्ली मग जन्मभर त्याची. मेल्यावर परत न्यायला येतात.

आमच्याकडे आले होते जानेवारीत. सहा जण, पांढरे हातमोजे. बाबांना जाऊन तीन तास झाले नव्हते. "वहिनी, तुम्ही आणि ताई जरा बाहेर थांबा." आईला तिच्याच घरात, तिच्याच नवऱ्यापासून उठवलं! दहा मिनिटं आम्ही जिन्यात उभ्या होतो. आई कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखानं काढत होती. मला अजून ती दहा मिनिटं गिळता आलेली नाहीत.

एकशे चाळीस दीर आहेत तिला. शेवटच्या दोन वर्षांत बाबांचं औषध आणायला एकही आला नाही.

८ सप्टेंबर, शनिवार

पुस्तिका जुळवायला घेतली. ही संगणकावर करायची नाही, असा त्यांचा नियम. शिशाचे खिळे हातानं जुळवायचे, छापायचं, आणि लगेच तो जुळवलेला फर्मा मोडून खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. मागे काही राहता कामा नये. आणि शब्द तर नाहीतच! प्रत्येक शब्दाचं नुसतं पहिलं अक्षर. सोळा पानं, सगळी अक्षरं आणि टिंबं. परक्याच्या हातात पडली तरी काही कळू नये म्हणून.

लहानपणी बाबांना अर्थ विचारला होता. म्हणाले, "अक्षरं जुळव, अर्थ जुळवू नकोस." ऐकलं मी. आज्ञाधारक मुलगी! आता पस्तावते.

धाकटा रोज सकाळी बूट पॉलिश करतो. जायचं कुठं नसतं. पॉलिश करून दाराशी ठेवतो आणि आत येऊन बसतो.

१० सप्टेंबर, सोमवार

धाकटा मेलेल्या माणसाच्या घरी गेला होता. तिसऱ्यांदा. त्याच्या बायकोनं या वेळीही दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "तुझं तोंड दाखवू नकोस." बरोबरच आहे तिचं. तिला सांगितलंय तेच तिला ठाऊक.

धाकटा म्हणाला, "ताई, तुरुंगाचं काही नाही गं. पण तिला वाटतं मी मारलं." आणि उठून गच्चीवर गेला.

नाही गप्प बसणार मी. शपथ त्यांनी घेतलीय, मी नाही!

११ सप्टेंबर, मंगळवार

नीट लिहायला हवं.

सकाळी आई म्हणाली, "त्या खिळ्यांच्या केसच्या तळच्या खणात झुरळं झालीत, अस्तराचा कागद बदल एकदा." मी म्हटलं, आधीच कामं कमी आहेत का? पण बदलायला घेतला. जुना कागद ओढला तर त्याखाली घडी घातलेलं एक पान. बाबांचं अक्षर! ते उभट, किंचित डावीकडे झुकलेलं, 'र'चा पाय लांब. पुस्तिकेचं सहावं पान. शपथेचं. वर शाईनं अक्षरं, आणि खाली पेन्सिलीनं बारीक — पूर्ण शब्द!

छापील पुस्तिकेशी ताडून पाहिलं. छापील पानावर आहे:

बं. गु. मी. जि. ठे.
मा. श. मो. त. मी. मो.

म्हणजे — बंधूचं गुपित मी जिभेखाली ठेवीन. माझा शब्द मोडला तर मी मोडो.

आणि बाबांच्या पानावर या दोहोंच्या मध्ये आणखी एक ओळ आहे:

मा. नि. घा. हो. अ. त. जी. मो.

मात्र निरपराधाचा घात होत असेल तर जीभ मोकळी.

सुटली! ओळ सुटलीय! वरची 'मा.'नं सुरू, 'मो.'वर संपते, खालचीही 'मा.'नं सुरू, 'मो.'वर संपते. जुळाऱ्याची नजर कागदावरून खिळ्यांकडे जाते, परत येते, आणि एक ओळ सोडून खालच्या ओळीवर बसते. या धंद्यातली सगळ्यांत जुनी चूक. शब्द असते तर वाचताना कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. नुसत्या अक्षरांत कोण बघतो? पुस्तिका बावीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा छापली, त्याआधी तोंडी चालायचं. बावीस वर्षं ही मंडळी अर्धी शपथ घेतायत!

आणि चूक कुणाची? बाबांची. एका वेलांटीसाठी रात्रीचं जेवण बाजूला ठेवून सगळा फर्मा पुन्हा लावणारे बाबा! आईला दाखवलं. तिनं चष्मा वर करून पान डोळ्यांशी धरलं, बराच वेळ. मग म्हणाली, "माणूसच होता. मुद्राराक्षस कुणाला सोडतो?"

१३ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस लाजेत गेले. आज लाज संपली. अगं, ही चूक म्हणजे धाकट्याचा अर्ज आहे!

स्टोअरकीपर वाईट माणूस नाही. घाबरट आहे. शब्दाचा पक्का, म्हणून तर गप्प. महाबंधूनं त्याला सांगितलं असणार, "हे बंधूचं गुपित," आणि याच्या जिभेवर किल्ली बसली. मग त्याला त्याची खरी शपथ दाखवली तर?

१४ सप्टेंबर, शुक्रवार

गाठला! तीनदा घरी गेले, तीनदा "नाहीत" म्हणून सांगितलं. शेवटी न्हाव्याच्या दुकानात गाठला. बायका तिथे जात नाहीत. मी गेले. तो खुर्चीत मागे रेललेला, तोंडभर फेस, गळ्यावर वस्तरा. पळणार कुठं!

मी शेजारच्या खुर्चीत बसले, आरशात त्याच्याकडे बघत म्हटलं, "बं. गु. मी. जि. ठे." फेसाच्या आत माणूस पांढरा पडलेला कळतो, हे आज समजलं. न्हावी म्हणाला, "काय म्हणताय, बाई?" मी म्हटलं, "पाढे म्हणते." आणि मग सुटलेली ओळ म्हटली. आधी अक्षरं, मग अर्थ.

वस्तरा बाजूला झाल्यावर तो म्हणाला, "हे तुम्ही वाचायला नको होतं." मी म्हटलं, "छापायला चालतं आणि वाचायला चालत नाही?" तो म्हणाला, "मी अकरा वर्षांपूर्वी शपथ घेतली. ही ओळ मी म्हटलेली नाही. म्हटली नाही ती मला कशी लागू?" मी म्हटलं, "म्हटली नाहीत कारण आमच्या घरून चुकलं. चूक आमची, भोगतोय माझा भाऊ."

'भाऊ' या शब्दावर त्यानं मान खाली घातली. मग टॉवेलनं अर्धाच फेस पुसून निघून गेला. न्हावी माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, "उरलेलं उद्या करा."

१५ सप्टेंबर, शनिवार

रात्रभर विचार केला. त्याला एकट्याला सांगून भागणार नाही. एकटा माणूस घाबरतो. सगळ्यांना कळलं पाहिजे, की सगळ्यांना कळलंय.

आणि आमच्या धंद्यात चुकीला एकच औषध आहे. शुद्धिपत्र!

१७ सप्टेंबर, सोमवार

छापलं. हाताएवढी चिठ्ठी. "शुद्धिपत्र. पान सहा, ओळ चार आणि पाच यांच्यामध्ये मुद्रणदोषाने एक ओळ सुटली आहे. ती अशी वाचावी." खाली आठ अक्षरं. "या चुकीबद्दल मुद्रक दिलगीर आहे." अर्थ छापला नाही. पुस्तिकेच्या चौथ्या पानावर त्यांच्याच एका वचनात अशीच अक्षरं आहेत, निम्म्यांना तरी लागेल. बाकीचे विचारतील.

बैठकीची बोलावणी आम्हीच टपालात टाकतो, त्यामुळे पत्ते आहेतच. एकशे चाळीस पाकिटं. आईनं घड्या घातल्या. तिच्या घडीला कडा कशी धरते! मी म्हटलं, "आई, यात बाबांचं नाव खराब होणार गं." ती म्हणाली, "घडी घाल."

धाकटा म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. वैर कशाला?" मी म्हटलं, "वैर नाही, शुद्धलेखन आहे."

१८ सप्टेंबर, मंगळवार

टपालात टाकली. पेटीत पडताना आवाज छान येतो.

२० सप्टेंबर, गुरुवार

बोंबाबोंब! सकाळपासून फोन. एक म्हणतो, हा विश्वासघात. एक म्हणतो, तुमच्या वडिलांच्या आत्म्याला काय वाटेल. एक, आवाज दाबून — "ताई, दुसरं अक्षर नि म्हणजे निरपराध की निराधार?" त्याला मी अर्थ सांगितला. त्यानं तो लिहून घेतला.

दुपारी महाबंधू. आज शर्ट चुरगळलेला होता. दारातूनच ओरडला, "मंडळाचा गुप्त मजकूर तुम्ही टपालात टाकलात?"

मी म्हटलं, "नुसती अक्षरं आहेत हो. कुणाला काय कळणार? तुमचीच पद्धत."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? चूक छापखान्याची, दुरुस्ती छापखान्याची. आमच्या धंद्यात रीत आहे ही. तुमच्या गोदामात नाही वाटतं?"

दात-ओठ खाल्ले त्यानं. म्हणाला, "मूळ कागद छपाई झाली की जाळायचा नियम होता. हा राहिलाच कसा?" मी म्हटलं, "मग बाबांनी नियम मोडला. बसवा त्यांच्यावर चौकशी. हातमोजे घालून या." बोलून गेले. बाबांवर ढकलायला नको होतं. आईकडे बघितलं. तिच्या हातातला खिळा खाली पडला होता आणि ती तो शोधत होती.

जाताना म्हणाला, "तुमचा छापखाना कसा चालतो बघतो." बघ म्हणावं. मलाही कुतूहल आहेच.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेचं काम गेलं. लग्नपत्रिका दोन गेल्या. दवाखान्याचे केसपेपर गेले. एकाच दिवसात! बंधू सगळीकडे आहेत, मान्य. पण मीही कुठं पळून चाललेय?

२३ सप्टेंबर, रविवार

आज परीक्षा! मंडळाचे तीन जण मूळ पान तपासायला आले. महाबंधू, बँकेतले एक निवृत्त अधिकारी — सह्या ओळखण्यात हुशार म्हणून — आणि सर्वांत वयस्कर बंधू, म्हातारे दंतवैद्य. ब्याऐंशी वर्षांचे. तोंडी शपथ घेतलेल्यांपैकी आता ते एकटेच उरलेत.

पान मी हातात दिलं नाही. काचेखाली ठेवलं, "इथून बघा." बँकवाल्यानं बाबांची जुनी पत्रं शेजारी ठेवली, भिंग लावलं, पंधरा मिनिटं श्वास रोखून बघितलं. महाबंधू घाम पुसत होता. शेवटी बँकवाले म्हणाले, "अक्षर त्यांचंच आहे. शंकाच नको. हा 'र' पाहा."

महाबंधू म्हणाला, "अक्षर असेल हो. पण अशी ओळ शपथेत होती कशावरून?"

तेव्हा दंतवैद्य! काठी आपटून उभेच राहिले. "होती! मी म्हटलीय ती! छप्पन वर्षांपूर्वी, किल्ली तोंडात धरून! जीभ मोकळी — अजून आठवतं मला, म्हणताना अंगावर काटा आला होता. पुढे पुस्तिकेत दिसेना, तेव्हा मला वाटायचंच काहीतरी कमी आहे." डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्यांच्या. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

महाबंधूनं शेवटचं म्हणून आईला विचारलं, "वहिनी, तुम्हाला काही ठाऊक आहे यातलं?" आई कोपऱ्यात स्टुलावर. चष्म्यावरून बघत म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं! बायकांना कुठं सांगता तुम्ही?"

पान मागत होते. दिलं नाही.

२५ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस राहिले. स्टोअरकीपर कामावर जातो, घरी येतो, कुणाशी बोलत नाही. न्हावी म्हणाला, उरलेली अर्धी दाढी करायला अजून आलेला नाही. घरीच केली असेल.

मला काही शाश्वती वाटत नाही. मी एवढी तोंड वर करून फिरते, पण आतून घाबरलेय. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी शूर होते असं मीच म्हणायला नको.

२७ सप्टेंबर, गुरुवार

धाकट्यानं कपडे काढून ठेवलेत, इस्त्रीचे. बूट चमकतायत. आईनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, तो अडतीस वर्षांचा आहे हे विसरून. तोही विसरला.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

सुटला! माझा भाऊ सुटला!

सगळं लिहिते. गोदामाच्या वरच्या खोलीत, लांब टेबल, पंखा खडखडत होता. महाबंधू मॅनेजर म्हणून बसलेला, कोरा चेहरा. धाकट्यानं आपलं सांगितलं, नेहमीसारखं तुटक, "तार उसवली होती, साहेब. लेखी दिलं होतं, साहेब." समितीतला एक जण म्हणाला, "पुरावा?" मग स्टोअरकीपरला बोलावलं.

तो उभा राहिला. विचारलं, "अर्ज मिळाला होता का?" कुणीतरी खोकलं. मी भिंतीला टेकून उभी होते. मग त्यानं खिशात हात घातला. आधी किल्ली काढली, लोखंडी, बोटाएवढी, आणि टेबलावर ठेवली. ठक्क! समितीतल्या दोघांनी ती बघितली आणि दोघांच्याही माना खाली गेल्या.

तो म्हणाला, "जीभ मोकळी." बाहेरच्यांना काही कळलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मग त्यानं दुसऱ्या खिशातून दोन कागद काढले. धाकट्याचे अर्ज! शिक्क्यांसकट! जाळून टाक म्हणून सांगितलं होतं, यानं जाळले नव्हते. पिठाच्या डब्यात ठेवले होते, घड्यांत पीठ भरलेलं. वर मॅनेजरच्या हातचा शेरा — "पुढील महिन्यात पाहू." तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता बिचारा सात आठवडे.

मॅनेजर म्हणाला, "बंधू, तू हे —" आणि थांबला. सगळ्यांसमोर 'बंधू' म्हणून गेला ना! समितीतल्या तिसऱ्यानं, जो मंडळात नाही, त्यानं लगेच विचारलं, "बंधू? तुमचं नातं काय?"

मला हसू आवरेना. बाहेर व्हरांड्यात येऊन हसले, आणि मग रडले, भोकाड पसरून. धाकटा येऊन शेजारी उभा राहिला. "ताई, लोक बघतायत." बघू देत की!

३० सप्टेंबर, रविवार

मॅनेजरला पोलिसांनी बोलावलंय. मंडळात फूट पडलीय म्हणे. दंतवैद्य सगळ्यांना सांगत सुटलेत की शपथ शुद्ध झाली. स्टोअरकीपरची किल्ली त्यांनी स्वतः त्याच्या घरी नेऊन परत दिली. नवा महाबंधू शोधतायत.

मेलेल्या माणसाच्या बायकोनं आज दार उघडलं. धाकटा पाऊण तास आत होता. काय बोलले ते मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्यानं रस्त्याच्या नळावर तोंड धुतलं आणि म्हणाला, "जेवायला काय आहे?" सात आठवड्यांनी!

२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी ते पान चौकटीत बसवायला घेतलं. आईला म्हटलं, "बाबांनी आयुष्यात एकच चूक केली, आणि तीच आपल्या कामी आली."

आईनं हातातले खिळे खाली ठेवले. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही. "पुरे झालं आता. महिनाभर ऐकतेय. एक काना चुकला नाही त्यांचा! मूळ कागद त्यांनी छपाईच्या दिवशीच जाळला, माझ्यादेखत. आणि ती पुस्तिका जुळवली होती मी. त्यांना बारीक दिसत नव्हतं. दिवसभर अक्षरं बोटांत, संध्याकाळपर्यंत अर्थ लागला होता मला. तेव्हा माझीही चूक नाही."

"मग ती ओळ?"

"अशी ओळच नव्हती त्यात. 'मा.'नं सुरू होऊन 'मो.'वर संपेल अशी करायला दोन दिवस लागले मला." मग जरा शांत होऊन, "त्यांचा हात थरथरायला लागल्यावर त्यांची पत्रं कोण लिहीत होतं, असं वाटलं तुला?"

मग आठवलं — "आणि दंतवैद्य? ते तर म्हणाले, छप्पन वर्षांपूर्वी त्यांनी ती म्हटली होती!"

"म्हटली असेल," आई म्हणाली. "आता सगळेच म्हणतील."

दुपारी मंडळाचा निरोप आला. दीडशे प्रती हव्यातच, दुरुस्त केलेल्या. फर्मा लावला. सहाव्या पानाचं प्रूफ आईनं वाचलं. चूक नाही.